दहा वर्षांच्या बेताने चिकटवलेला कागद

खिडकीची काच पुसून देण्याचे कोणी पैसे देतं, यावर मच्छिंद्र शिरसाटचा विश्वास त्याचा स्वतःचा धंदा सुरू झाल्यावरही बरेच दिवस बसला नव्हता. तिसगावात त्याच्या घराला दोन खिडक्या. एकीला लाकडी झडप, दुसरीला पोतं. नगरला आल्यावर त्याने काचेच्या खिडक्या पाहिल्या, पण त्या पुसायच्या असतात असं वाटायचं काही कारण नव्हतं. नगरमध्येही त्या फारसं कोणी पुसत नसे. पाऊस आला की धुतल्या जातील अशी सर्वसाधारण समजूत होती, आणि नगरचा पाऊस काही कोणाच्या खिडक्यांसाठी येत नाही.

शिरसाटांच्या घरी नाथांची भक्ती. वडिलांचा बेत नऊ मुलांना नऊ नाथांची नावं देण्याचा होता. तो गहिनीनाथ, कानिफनाथ आणि मच्छिंद्र या तिघांवर थांबला. शेत दोघांपुरतं होतं. म्हणून धाकटा नगरला आला आणि दाळमंडईमागे चांदभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला.

चांदभाई शाळेची पुस्तकं, कायद्याची बुकं आणि देवळातल्या पोथ्या सारख्याच हाताने बांधत. मच्छिंद्रकडे खळ शिजवण्याचं काम होतं. खळ म्हणजे कागद चिकटवायची लापशी. मैदा पाण्यात शिजवायचा, झुरळांनी पुस्तक खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं, झालं. दुसऱ्या कोणाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. मच्छिंद्र चिंचोके भाजून, भिजवून, पाट्यावर वाटून त्यांची खळ करी, तीत सुतार वापरतात तो सरस मिसळी, आणि दोन पुठ्ठे चिकटवून मालकापुढे धरी.

“वढा, चांदभाई.”

चांदभाई ओढत. पुठ्ठा फाटे, जोड सुटत नसे.

“अरे मियाँ, चौथीच्या पोरांची पुस्तकं आहेत ही,” चांदभाई म्हणत. “वर्षभर टिकली तरी पोरगं पास होतं. तू काय कयामतपर्यंत शाळा चालवणार?”

मच्छिंद्रची बायको झुंबरबाई घोडेगावची. तिचे वडील सहादेव तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. या बाजारात बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही माणसं असोत, त्यांना फक्त उपरणं हलताना दिसतं. सहादेवांना मुलगा एकच, आणि तो एसटीत कंडक्टर होऊन उघड्यावर तिकिटं फाडत होता. उपरण्याला वारस नव्हता. त्यांची नजर जावयावर होती.

अडचण एवढीच की जावई बैलाला भीत होता. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा त्याला कौतुकाने बाजार दाखवायला नेलं, आणि एका खिल्लारी बैलाने त्याच्या डोक्यावरचा फेटा शिंगाने अलगद उचलला. बैलाने दुसरं काही केलं नाही. फेटा शिंगावर घेऊन तो शांतपणे रवंथ करत राहिला. मच्छिंद्र मात्र थेट औरंगाबाद रस्त्याला लागलेला लोकांनी पाहिला. तेव्हापासून घोडेगावात त्याचं नाव ‘फेटेवाले पाव्हणे’.

डिसेंबर एकाहत्तरमध्ये लढाई सुरू झाली. नगरला लष्कराची छावणी, त्यामुळे अंधार पाळण्याचा हुकूम कडक. संध्याकाळ झाली की होमगार्डची माणसं शिट्ट्या वाजवत फिरत आणि ज्या घरातून उजेड दिसे त्या घराचा उद्धार करत. जुन्या गावात लाकडी झडपा लावल्या की काम भागत असे. पंचाईत सावेडीकडच्या नव्या बंगल्यांची झाली. तिथे लोकांनी हौसेने मोठमोठ्या काचा बसवल्या होत्या. त्यांना काळा कागद हवा होता, आणि तो चिकटवणारा माणूसही. चांदभाईंकडे दोन्ही होतं.

निघण्यापूर्वी मच्छिंद्रने मालकाला विचारलं, “चांदभाई, लढाई किती दिस चालंल?”

चांदभाई एका पोथीची पाठ शिवत होते. मान वर न करता म्हणाले, “अल्ला जाने. इंग्रजांची मागची सहा वर्षं चालली होती.”

सहा वर्षं हा आकडा मच्छिंद्रने डोक्यात घेतला. काम चोख असावं म्हणून त्यावर चार वर्षं आणखी धरली, आणि त्या बेताने खळ शिजवली. चिंचोके जास्त, सरस दुप्पट, वर डिंक. देवचक्के वकिलांचा बंगला, शेजारच्या प्रोफेसर पटवेकरांचा बंगला आणि त्या रांगेतली आणखी कितीतरी घरं त्याने काळी केली. कागदाला सुरकुती नाही, कडेला फट नाही. होमगार्डच्या एका माणसाने तर वकिलांच्या बंगल्यापुढे उभं राहून, असं काम आपण पाहिलं नाही, असं सांगितलं.

लढाई दोन आठवड्यांत संपली.

पेढे वाटून झाल्यावर लोक कागद काढायला बसले. देवचक्के वकिलांनी दाढीचं पातं चालवलं. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी राख आणि नारळाची शेंडी घेतली. प्रोफेसरांनी शास्त्रीय पद्धत म्हणून रॉकेल वापरलं, त्यामुळे कागद तसाच राहिला आणि घराला रॉकेलचा वास लागला. कुठे टवका निघे, कुठे नुसता कागदाचा वरचा पापुद्रा. जानेवारीत सावेडीच्या खिडक्या खरूज झालेल्या म्हशीसारख्या दिसू लागल्या. दिवसा दिवे लावून लोक जेवत होते. शत्रूची विमानं नगरवर आली नव्हती, पण घरात अंधार कायमचा राहिला होता.

लोक चांदभाईंच्या दुकानावर आले. देवचक्के वकील नोटीस देईन म्हणाले. चांदभाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर मच्छिंद्रला जवळ बोलावलं.

“बेटा, मी तुला खिडक्या झाकायला पाठवलं होतं. तू तर दफन करून आलास.”

“पक्कं करायचं म्हनून...”

“पक्कं झालं. आता थोडे दिवस दुकानाकडे फिरकू नकोस. लोक तुझा चेहरा विसरले की ये.”

माळीवाड्यात नवरा-बायकोची भाड्याची एक खोली होती. तीत मच्छिंद्र बसून राहिला. सावेडीचा माणूस रस्त्यात भेटेल या भीतीने भाजी आणायलाही झुंबरबाई जाई. बातमी घोडेगावला पोचायला वेळ लागला नाही. मेहुणा कंडक्टर होता. दोन दिवसांनी सहादेव खोलीच्या दारात उभे राहिले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग कप खाली ठेवला.

“पाव्हणं, मी अखितीच्या सणापतुर वाट बघतो. तवर हितं बस्तान बसलं तर बसलं. न्हाई तर पोरीला घेऊन घोडेगावला यायचं आन् बाजारात माझ्यासंगं हुबं ऱ्हायाचं. बैल काय खात न्हाई मान्साला.”

“मामा, पर मला...”

“फेटा बांधू नगा, म्हंजी झालं.”

सासरे गेले. मच्छिंद्रपुढे बैल उभा होता. झुंबरबाईपुढे तिची भावजय चांगुणा. घरजावयाची बायको म्हणून माहेरी परत जायचं म्हणजे आयुष्यभर चांगुणाच्या चुलीपुढे पीठ मागायचं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“अवो,” ती म्हणाली, “समदी सावेडी तुमाला हुडकती हाय.”

“म्हनून तर हितं बसलोय.”

“दुकान टाकून बसलेल्या मान्साला गिऱ्हाईक हुडकावं लागतं. तुमाला गिऱ्हाईक हुडकतंय आन् तुमी खाटंखाली शिरताय. जावा, वकिलाचा कागद काढून द्या.”

“निघत न्हाई त्यो.”

“ज्यानं लावला त्यालाच निघंल.”

तो अंधार पडल्यावर चांदभाईंच्या घरी गेला. चांदभाईंनी आधी हसून घेतलं. मग जुन्या पुस्तकाच्या पाठीवरचा वाळलेला सरस काढायची बाइंडरची रीत सांगितली. पातळ, गरम मैद्याची खळ वरून थापायची, ओलं पोतं झाकायचं आणि गप्प बसायचं. नवी खळ जुन्या खळीला भिजवते.

“गप्प बसायचं, हे लक्षात ठेव,” चांदभाई म्हणाले. “तुझं तिथंच चुकतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र बादलीभर गरम खळ घेऊन देवचक्क्यांच्या बंगल्यावर गेला. दार वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून सरळ बैठकीच्या खिडकीला खळ थापायला लागला. विजयमालाबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या आणि तांब्या टाकून आत पळाल्या.

“अहो! तो मेला परत आलाय! परत चिकटवतोय!”

वकील बाहेर आले तेव्हा त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता.

“लढाई संपली, तुला कोणी सांगितलं नाही का?”

“सांगितलं, साहेब.”

“मग हे काय?”

“खळ खळीनंच निघती, साहेब.”

“कुठल्या कायद्यात लिहिलंय?”

“चांदभाई म्हनले.”

वकिलांनी खुर्ची मागवली. उरलेली अर्धी दाढी त्यांनी अंगणातच केली, पण मच्छिंद्रवरची नजर काढली नाही. तोही सांगितल्याप्रमाणे गप्प बसला. विजयमालाबाईंनी खिडकीवरच्या ओल्या पोत्यांकडे पाहून, आता फक्त आत बटाटे भरायचे राहिलेत, असं सुनावलं.

पोतं काढून मच्छिंद्रने कागदाचं टोक धरलं आणि ओढलं. साप कात टाकतो तसा अख्खा कागद उतरला. खालची काच बसवल्या दिवसापासून इतकी स्वच्छ नव्हती. बैठकीत ऊन शिरलं. विजयमालाबाईंना खुर्च्यांवरची धूळ दिसली आणि त्या नव्याने संतापल्या. वकिलांना मात्र शेजारच्या बंगल्यात प्रोफेसर पटवेकर स्टुलावर चढून काच खरवडताना स्पष्ट दिसले. ते खिडकीत जाऊन ओरडले, “पटवेकर! तो इथे आहे! धरा त्याला!”

यातला मैत्रीचा भाग मच्छिंद्रच्या लक्षात आला नाही. त्याने बादली उचलली आणि पळ काढला. प्रोफेसर स्टुलावरून उतरून एका पायात चप्पल घालून त्याच्यामागे धावले. ते अर्थशास्त्र शिकवत आणि एरवी घाईने चालतही नसत. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी त्यांनी त्याला गाठलं, कारण बादली जड होती आणि त्याने ती टाकली नव्हती.

“अरे थांब! पैसे देतो!”

“कशाचे?” मच्छिंद्रने विचारलं. धापा टाकतानाही त्याला हा प्रश्न प्रामाणिकपणे पडला होता.

“कागद काढायचे.”

“मीच लावल्याला हाय त्यो.”

“ते सबंध गावाला ठाऊक आहे. चल.”

असं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. वकिलांचं काम त्याने फुकट केलं होतं, त्यामुळे ते धरता येत नाही. पुढे रांगच लागली. एका बाईंनी, लावायचेही घ्यायचे आणि काढायचेही घ्यायचे, ही चांगली रीत आहे, असा टोमणा मारला. तेव्हा मच्छिंद्रने लावायचे चांदभाईंनी घेतले असं खरं ते सांगितलं. होळीपर्यंत तो रोज सावेडीत होता. घोडेगावकडून निरोप आला की झुंबरबाई उलट निरोप धाडी, “बस्तान बसलंय म्हनावं.”

ते बसलं नव्हतं, हे मच्छिंद्रला एके दिवशी दुपारी कळलं. शेवटचा कागद निघाला होता आणि नगरमध्ये आता काढायला काही उरलं नव्हतं. नवी लढाई होण्याची चिन्हं नव्हती. चांदभाईंच्या दुकानात त्याच्या जागी दुसरा माणूस मैद्याची साधी खळ शिजवत होता आणि पुस्तकं बरी चालली होती. अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत चालली होती.

मग त्याने नुसती काच पुसायचं काम मागायला सुरुवात केली. सावेडीचे लोक म्हणाले, “आत्ताच तर केलीस. स्वच्छ आहे की.” आपल्याच कामाने त्याचा घात केला होता. गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की काच मळकी असली की ऊन कमी येतं आणि पडद्याचा खर्च वाचतो. एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क म्हणाले, “आतलं बाहेर दिसायला लागलं तर आम्ही झोपायचं कुठे?” आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. एका घरच्या सासूबाईंनी विचारलं, “तू काचा पुसल्यावर माझ्या सुनेने काय करायचं?” सून मागे उभी राहून मानेने हो, हो म्हणत होती.

“नमुना दावा,” झुंबरबाईने सुचवलं. “माझे आबा बैल चालवून दावत्यात. तसाच इकत्यात व्हय?”

म्हणून तो कापडबाजारात चंपालालशेठच्या दुकानापुढे गेला. शेठने दर्शनी भागाला भिंतभर काच बसवून तिच्यामागे लुगडी आणि शालू मांडले होते. रस्त्याच्या धुळीने त्या सगळ्यांचा रंग एकच झाला होता. मच्छिंद्रने परवानगी मागून काचेचा हातभर तुकडा फुकट पुसला. आधी ओलं फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा. अग्रलेखाचं पान या कामाला उत्तम असतं असं त्याचं मत आहे. कारण विचारलं तर सांगतो की ते कोणी हाताळलेलं नसतं. त्या तुकड्यातून एका शालूचा जांभळा रंग बाहेर आला आणि जाणाऱ्या दोन बायका थांबल्या.

शेठने पाहिलं. गादीवरून उठले, सगळ्यांत भारी शालू काढून त्या स्वच्छ तुकड्यामागे टांगला आणि परत येऊन बसले.

“झ्याक झालं. जा आता,” ते म्हणाले.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. शेठ म्हणत, “एवढी जागा पुरते मला.” काच किती वेळात पुसतो, पाणी किती लागतं, हे तो सांगे. किमतीचं विचारलं की “तुमी द्याल ते” म्हणे. यावर कापडबाजारात काय उत्तर येतं ते सर्वांना माहीत आहे.

अखितीच्या आदल्या दिवशी सहादेव एसटीने नगरला आले. लेक-जावयाचं सामान बांधायला सुंभही घेऊन आले होते. जावई खोलीवर नव्हता. झुंबरबाई त्यांना कापडबाजारात घेऊन गेली. बस्तान दाखवते म्हणाली.

लग्नसराईची गर्दी होती. मच्छिंद्र शेठच्या ओट्यापाशी फडकं पिळत उभा होता.

“शेठ, आठवड्याला येकडाव पुशीन.”

“कितीला?”

“तुमी द्याल ते.”

“मग नकोच.”

“बरं,” मच्छिंद्र म्हणाला आणि बादली उचलायला वाकला.

सहादेव ओट्याच्या कडेला उभे राहून हे पाहत होते. त्यांचं काम सोपं झालं होतं. पाच मिनिटं गप्प राहिले असते तर जावई संध्याकाळच्या गाडीने त्यांच्याबरोबर घोडेगावला निघाला असता. पण चाळीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसापुढे, घेणाऱ्याला हवंय आणि देणाऱ्याला द्यायचंय, असा सौदा मरायला टेकला होता. मच्छिंद्रने बादली उचलली तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, “थांबा!”

ते काचेपाशी गेले. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टिचकी मारली, बाजूने वाकून पाहिलं, धुळीवर अंगठा ओढला आणि तो शेठला दाखवला.

“शेठ, जनावर नामी हाय. पर खरारा न्हाई केला तर कोन थांबंल दावणीपाशी?”

“तुम्ही कोण?”

“मी दलाल हाय, घोडेगावचा,” सहादेव म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं काढलं.

चंपालालशेठचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. त्यांच्या वडिलांनी ठोक कापडाचे सौदे याच पद्धतीने केलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. ते गादीवरून उठून ओट्यावर आले आणि न बोलता हात पुढे केला. उपरणं दोन्ही हातांवर पडलं. ते हललं, थांबलं, पुन्हा हललं. शेठने मान झटकली. सहादेवांनी डोळे मिटून घेतले. भोवती गिऱ्हाइकांचं कडं झालं. पलीकडच्या दुकानदाराने काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा कोणी तरी बैल विकतायत म्हणून सांगितलं आणि तो बैल शोधायला लागला.

उपरणं एकदा जोरात हललं आणि स्थिर झालं. शेठ हात काढून हसले.

“उद्यापासून ये. सगळी काच.”

कडं मोडलं. झुंबरबाई पदर तोंडाला लावून उभी होती. सहादेवांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. हातात सामान बांधायचं सुंभ तसंच होतं.

“किती ठरलं, मामा?” मच्छिंद्रने विचारलं.

“ठरलं ते ठरलं.”

“पर माझं काम हाय. मला कळाया नगं व्हय?”

“उपरन्याखालचा आकडा तोंडानं सांगत न्हाईत,” सहादेव तुटकपणे म्हणाले. जावई हातचा गेला होता. निदान रीत तरी सोडायची नव्हती.

ती रक्कम मच्छिंद्रला आजही ठाऊक नाही. शेठ महिन्याच्या महिन्याला पैसे देतात, तो घेतो. कमी दिले की जास्त, हे विचारायला त्याच्याकडे आधार नाही. त्याच ओट्यावरचा तो सौदा पाहिलेल्या चार दुकानदारांनी नंतर त्याला बोलावलं. त्यांतल्या दोघांनी उपरणं असलेला माणूस बरोबर आण अशी अट घातली. त्यासाठी सहादेवांना दोनदा नगरला यावं लागलं. ते कुरकुरत आले, पण आले.

त्या दिवशी मात्र ते चहाला थांबले नाहीत. निघताना सुंभ लेकीच्या हातात दिलं. कपडे वाळत घालायला होईल, म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळून पाहिलं. शेठने उद्यापासून म्हटलं असलं तरी मच्छिंद्र स्टुलावर चढून कामाला लागला होता.

“पाव्हणं,” सहादेवांनी हाक मारली, “त्यो वरचा डावा कोपरा ऱ्हायलाय.”

मच्छिंद्रने अग्रलेखाचा नवा बोळा केला आणि हात वर नेला.